तीन चालींत मात

"तीन चालींत मात," असं कोयनेने जाहीर केलं तेव्हा दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती आणि बापू डोईफोडे शिंकत होते.

शिंकण्याला कारण होतं. कराडातल्या श्रीकृष्ण बुद्धिबळ मंडळाची खोली मिरचीच्या ठोक दुकानाच्या माडीवर होती. सभासदांना त्याची सवय होती. ते शिंकतानाही प्याद्यावरचं बोट काढत नसत. पाहुण्यांच्या मात्र डोळ्यांना धारा लागायच्या, आणि त्या रविवारी पाहुणे बरेच होते. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, की बापू हरतायत म्हणून सगळी खोली रडतेय.

कोयना म्हणजे कुणी बाई नव्हे. मी आणि उज्ज्वला थोरवडे, अशा दोघांनी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून लिहिलेला तो बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम होता. साल पंच्याण्णव. कॉलेजच्या लॅबमधला संगणक आम्ही गोधडीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन, त्या अरुंद जिन्याने माडीवर चढवला होता. कोयनेची चाल स्क्रीनवर उमटायची, ती मी लाकडी पटावर करायचो, आणि बापूंची चाल उज्ज्वला कीबोर्डवर टाकायची. बापू टपाल खात्यातून निवृत्त झालेले, वय अडुसष्ट. त्या माडीवर अकरा वर्षांत त्यांना कुणी हरवलेलं नव्हतं.

आणि आता त्यांच्याकडे नुसता राजा उरला होता. कोयनेकडे राजा आणि दोन हत्ती. एवढ्या सामानावर बापूंच्या नातीनेही मात केली असती, आणि ती दुसरीत होती.

"काय म्हन्ती ती?" बापूंनी नाक पुसत विचारलं.

"तीन चालींत मात म्हणतेय, बापू," मी शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणालो. आतून मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"बोलली?"

"बोलली."

बापूंनी मारलेल्या प्याद्यांतली तीन प्यादी उचलली आणि पटाच्या कडेला एका रांगेत उभी केली.

हा त्या मंडळाचा नियम होता, आणि तो बुद्धिबळाच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. मात दिसली आणि तुम्ही तोंड मिटून खेळत राहिलात, तर तुमची मर्जी. पण "इतक्या चालींत मात" असं एकदा बोललात, की समोरचा तेवढी प्यादी उभी करायचा आणि तुमच्या दर चालीला एक आडवं करायचा. शेवटचं प्यादं आडवं झालं आणि मात झाली नाही, तर डाव तुमच्या विरुद्ध गेला; मग पटावर तुमची अख्खी फौज उभी असो. या नियमामुळे त्या माडीवरची माणसं फार कमी बोलायची. काहींच्या घरच्यांची तीच तक्रार होती.

कोयनेला बोलायला मी शिकवलं होतं. तशी गरज काही नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी मी त्या ओळी घालत होतो, तेव्हा उज्ज्वला म्हणालीसुद्धा, "कशाला? गप खेळू दे की तिला." पण मला मंडळाच्या रीतीने मात बोलून दाखवायची होती, कारण पुण्याहून हुदलीकर साहेब येणार होते.

हुदलीकर मूळचे कराडचे, पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी कॉलेजला कळवलं होतं, की या प्रकल्पातल्या दोघांपैकी एकाला ते कंपनीत घेतील. जागा एकच होती. आमच्या वर्गात तोवर कुणालाच कुठे नोकरी लागलेली नव्हती. माझे वडील साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर होते आणि माझ्यासाठी तिथेच शब्द टाकून बसले होते. उज्ज्वलाच्या घरच्यांनी तिला परीक्षेपर्यंत वेळ दिला होता. नोकरी लागली तर पुण्याला मावशीकडे राहायचं, नाही लागली तर मे महिन्यात तासगावच्या एका द्राक्षबागायतदाराशी लग्न. हे सगळं तिने मला डब्यातली भाकरी मोडता मोडता सांगितलं होतं, जसं काही एसटीचं वेळापत्रक सांगतेय.

हुदलीकर साहेब भिंतीला टेकून उभे होते, रुमाल नाकाला लावून.

कोयनेने पहिली चाल केली. एक हत्ती डावीकडून उजवीकडे गेला. बापूंनी राजा एक घर सरकवला आणि पहिलं प्यादं आडवं केलं. संगणकातून बीप असा आवाज झाला आणि स्क्रीनवर पुन्हा इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं: तीन चालींत मात.

"आता दोन म्हणायला पाहिजे ना?" मागून कुणीतरी म्हणालं.

"दुसऱ्या वाटेने बघत असेल," मी म्हणालो. उज्ज्वलाने माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या चालीला दुसरा हत्ती उजवीकडून डावीकडे आला. बीप. तीन चालींत मात. बापूंनी दुसरं प्यादं आडवं केलं. ते इतकं हळू, की मला ते प्यादं त्यांच्या तोंडावर फेकावंसं वाटलं.

तिसऱ्या चालीला पहिला हत्ती होता तिथे परत गेला. बीप.

"पोरांनो," बापू म्हणाले, "ही बाई आजारी हाय का?"

कुणी हसलं नाही. बापूंनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा घातला आणि पटाकडे नीट पाहून घेतलं. त्यांच्या राजाला शहसुद्धा नव्हता. त्यांनी तिसरं प्यादं आडवं केलं.

"बोल गेला," ते म्हणाले.

"बापू, पण दोन हत्ती आहेत माझ्याकडे," मी म्हणालो. "अजून चार चाली खेळलो तर..."

"चार चाली माज्या घरी चल, च्या घिऊन खेळू. हितं बोल गेला म्हंजे डाव गेला." मग उज्ज्वलाकडे वळून जरा मऊ आवाजात म्हणाले, "वाईट वाटून घिऊ नगंस, पोरी. ही तुमची कोयना खेळती बेस, पन वचनाची कच्ची हाय. आमच्या मोठ्या साडूवानी."

आता मात्र सगळे हसले. बापूंनी कागदावर निकाल लिहून सही केली आणि पानाची चंची उघडली. अकरा वर्षांचं बारावं सुरू झालं.

हुदलीकर साहेब पुढे आले. त्यांनी स्क्रीनवरचं वाक्य स्वतः एकदा वाचलं. "इंटरेस्टिंग आहे," ते म्हणाले. "मात दिसतेय, पण करत नाही. कुठे चुकलं असेल?"

हा प्रश्न त्यांनी आम्हा दोघांकडे पाहून विचारला होता. दोघांपैकी कुणीही उत्तर दिलं असतं तरी चाललं असतं. मी दिलं.

"हॅश टेबलमध्ये असणार, सर. तो भाग थोरवडेचा आहे."

मी खोटं काहीच बोललो नव्हतो. हॅश टेबलचा भाग तिचा होता आणि चूक तिथेच असणार हे मला खरोखरच वाटत होतं. पण "आमचा" म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढाच "थोरवडेचा" म्हणायला लागतो, आणि एरवी मी तिला आडनावाने कधी हाक मारत नसे.

उज्ज्वलाच्या डोळ्यांत पाणी होतं. ते मिरचीचं असावं असं मी धरून चाललो.

"हो सर," ती म्हणाली. "तो भाग मी लिहिलाय."

"मग असं करा," हुदलीकर म्हणाले, "मी उद्या दुपारपर्यंत विश्रामगृहावर आहे. सकाळी अकराला दोघंही या. प्रोग्रॅमची प्रिंट घेऊन या. चूक सापडली तर उत्तम, नाही सापडली तर कुठे शोधली ते सांगा. चुका सगळ्यांच्याच होतात. मला बघायचंय, त्यानंतर माणूस काय करतो."

संगणक पुन्हा गोधडीत गुंडाळून आम्ही लॅबमध्ये आणला तेव्हा साडेपाच वाजले होते. उज्ज्वला विंग गावाहून ये-जा करायची आणि तिची शेवटची सोयीची एसटी सहाची होती.

"मी थांबले असते," ती म्हणाली, "पण घरी सांगून आले नाही. तू बघशील?"

"बघतो."

"माझ्या भागात बघ आधी. मी काहीतरी लिहून ठेवलं होतं तिथे. आठवतंय का तुला?"

"बघतो म्हटलं ना," मी म्हणालो. ती गेली.

चूक सापडायला मला पाऊण तास लागला, आणि सापडली तेव्हा आधी मला नुसता आनंद झाला. हे प्रांजळपणे सांगतो. ज्याने कधी प्रोग्रॅम लिहिलाय त्याला तो आनंद ठाऊक आहे. त्यात चूक कुणाची याचा विचार शिरायला थोडा वेळ लागतो.

चूक अशी होती. मात दिसली की कोयना त्या वाटेला तीस हजार गुण द्यायची, आणि ती जितक्या चाली दूर असेल तितके गुण कापायची, म्हणजे जवळची मात तिला जास्त आवडावी. दूर कुठून? तर त्या घटकेला पटावर जी मांडणी आहे, तिथून. हे गुण देण्याचं काम माझ्या भागाचं. आता एकदा विचार केलेली मांडणी पुन्हा समोर आली, तर पुन्हा डोकं चालवायला नको, म्हणून निघालेली उत्तरं एका तक्त्याच्या खणांत ठेवून द्यायची. तोच हॅश टेबल, आणि तो उज्ज्वलाचा. मी द्यायचो तो आकडा ती खणात ठेवायची आणि मी मागितला की काढून द्यायची.

गडबड अशी, की आकडा काढायची वेळ यायची तेव्हा आम्ही पहिल्या जागी उभे नसायचो. चाल खेळून झालेली असायची. अंतर बदललेलं, आकडा मात्र जुनाच. त्यामुळे कोयनेला कुठूनही आणि कुठल्याही वाटेने गेलं तरी मात तीनच चालींवर दिसायची. सगळ्या वाटा सारख्याच लांबीच्या म्हटल्यावर ती पहिली दिसेल ती धरायची, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मात तिला दिसत नव्हती असं नाही. चोहीकडे दिसत होती.

उपाय दोन ओळींचा होता. आकडा खणात ठेवताना आपण विचारात किती चाली खोल आहोत ते त्यात मिळवायचं, आणि काढताना तेव्हाची खोली वजा करायची. म्हणजे खणात राहतं ते त्या मांडणीपासूनचं अंतर, आणि ते कधीच शिळं होत नाही. पण किती खोल आहोत हे खणांना कळायला मार्ग नव्हता. ते फक्त माझ्या भागाला ठाऊक असायचं, आणि मी ते पाठवत नव्हतो.

ते का पाठवत नव्हतो हेही तिथेच लिहिलेलं होतं. उज्ज्वलाच्या भागात, ज्या ओळीत आकडा खणात जातो तिच्या बरोबर वर, तिने तीन ओळींची टीप घालून ठेवली होती. संगणक त्या वाचत नाही, त्या माणसासाठी असतात. इंग्रजी अक्षरांतलं तिचं मराठी असं होतं:

शिरीष, तुझा आकडा मुळापासून मोजलेला आहे. दुसऱ्या जागी काढला की चुकणार.
किती खोल आहोत ते मला पाठव, मग मी इथे मिळवते आणि तिथे वजा करते.
तू हो म्हणालास की बदलीन. — उ., १४ जानेवारी

हे वाचून मला सगळं लख्ख आठवलं. जानेवारीत कॅन्टीनमध्ये ती हेच समजावत होती. "हे बघ," ती म्हणाली होती, "कराडच्या नाक्यावर मैलाचा दगड आहे असं समज. पुणे एकशे साठ. तो उपटून साताऱ्यात नेऊन रोवला, तर तिथेही तो एकशे साठच म्हणणार की नाही?"

"दगड कोण उपटतंय?" मी म्हणालो होतो.

"मी. माझं कामच ते आहे."

मला ते पटलं नव्हतं असं नाही. मला ते ऐकायचं नव्हतं. ती म्हणत होती तसं करायचं तर माझ्या भागात सतरा ठिकाणी बदल करावे लागले असते, आणि माझा भाग मी पूर्ण झाला असं सगळ्यांना सांगून बसलो होतो. "प्रकल्प सादर झाला की बघू," मी म्हणालो आणि वडापाव मागवला. त्यानंतरही तिने दोनदा विचारलं होतं.

लॅबमध्ये त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. मला लाज वाटली. अगदी कान गरम झाले. म्हणून मी आधी काम उरकून घेतलं. सतरा ठिकाणी बदल केले, तिच्या भागात त्या दोन ओळी घातल्या, आणि बापूंचा डाव मात बोलली होती तिथून पुन्हा मांडला. बापूंच्या चाली मीच केल्या. कोयना म्हणाली तीन चालींत मात. मग म्हणाली दोन, मग एक, आणि मात केली.

मग मी कर्सर त्या टिपेवर नेला. त्या जुन्या एडिटरमध्ये कंट्रोल आणि वाय एकत्र दाबलं की अख्खी ओळ नाहीशी व्हायची. ओळी तीन होत्या. पहिली पुसल्यावर उरलेल्या दोन तशाच ठेवाव्यात असं क्षणभर मनात आलं, पण अर्धवट टीप जास्त वाईट दिसली असती. मी तिन्ही काढल्या आणि प्रिंटर सुरू केला. तो प्रिंटर फार आवाज करायचा. शिपाई येऊन "झालं का, साहेब? कुलूप लावायचंय," असं विचारून गेला. अजून परीक्षा व्हायची होती, तरी तो मला साहेब म्हणाला.

सोमवारी अकराला विश्रामगृहाच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्च्यांवर आम्ही बसलो. हुदलीकर साहेबांनी चहा मागवला. उज्ज्वलाने मांडीवर कापडी पिशवी ठेवली होती. ती माझ्याआधी येऊन बसली होती, त्यामुळे आमचं बोलणं झालं नव्हतं. नुसतं "सापडलं?" असं तिने ओठांनी विचारलं, आणि मी होकाराची मान डोलावली. ती इतकी मोकळी हसली, की मी प्रिंटची टोकं जुळवायला लागलो.

साहेबांनी पेन्सिल घेऊन प्रिंट वाचायला सुरुवात केली. त्यांना त्यातलं चांगलं कळत होतं. त्या दोन ओळींपाशी येऊन पेन्सिल थांबली.

"हे काल नव्हतं?"

"नव्हतं, सर. काल संध्याकाळी घातलं."

"कुणी?"

"मी."

"पाऊण दिवसात शोधलंत?"

"पाऊण तासात," मी म्हणालो. आकड्यांच्या बाबतीत मी तेव्हाही काटेकोर होतो.

"समजावून सांगा."

मी समजावून सांगितलं. गुण कसे देतो, खणांत कसे ठेवतो, अंतर कसं शिळं होतं. साहेब ऐकत होते, पण त्यांच्या कपाळावर अजून आठी होती. ती आठी जावी असं मला फार वाटत होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे असं बघा सर, कराडच्या नाक्यावर मैलाचा दगड आहे. पुणे एकशे साठ. तो उपटून जर साताऱ्यात रोवला..."

"तर तिथेही एकशे साठच म्हणणार!" साहेब मांडीवर थाप मारून हसले. "वा! झकास. हे मी आमच्या पोरांना सांगणार."

मी उज्ज्वलाकडे पाहिलं नाही. पण तिच्या हातातल्या कपाचा बशीवर आवाज झाला तो ऐकला.

"मिस थोरवडे," साहेब म्हणाले. त्यांचा सूर खरंच चांगला होता, त्यात टाकून बोलणं काही नव्हतं. "हे लक्षात ठेवा. आपण एखादी गोष्ट साठवून ठेवतो, तेव्हा ती कुठून मोजलेली आहे हे विचारायचं असतं. लिहायच्या आधी विचारायचं. हा प्रश्न तुम्हाला पडला नाही का?"

तिचा हात पिशवीत गेला. पिशवीत काहीतरी कागदासारखं कुरकुरलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

रागाने नाही. मी आता काहीतरी बोलेन, अशी वाट पाहताना माणूस पाहतो, तसं. साहेबही थांबले होते. व्हरांड्यात पंखा फिरत होता, आणि आत कुणीतरी खानसाम्याला विचारत होतं, की आज भाजी कुठली. "सर, तिने विचारलं होतं," एवढं एक वाक्य होतं. ते माझ्या जिभेवर तयार होतं. मी माझ्या कपात पाहिलं. कपाच्या तळाला चहाची पत्ती राहिली होती.

"नाही सर," उज्ज्वला म्हणाली. "नाही पडला." आणि तिने हात पिशवीतून बाहेर काढला. हातात रुमाल होता.

साहेबांनी प्रिंट बाजूला ठेवली. परीक्षा झाल्यावर पहिल्या सोमवारी पुण्याला या, म्हणाले. ते "या" माझ्या एकट्याकडे पाहून होतं. तिला त्यांनी शुभेच्छा दिल्या आणि संगणक सोडू नका म्हणून बजावलं.

आम्ही फाटकापर्यंत चालत आलो. तिथे गुलमोहराखाली ती थांबली, पिशवीत हात घालून तिने कडेला भोकं असलेल्या लांब कागदाची घडी काढली आणि उलगडून माझ्यापुढे धरली. तिच्या भागाचीच प्रिंट होती. वर लॅबची तारीख, सोळा जानेवारी. मधोमध त्या तीन ओळी. माझ्या नावाने सुरू होणाऱ्या.

"हे..." मी म्हणालो.

"त्या दिवशी प्रिंटर मोकळा होता म्हणून काढून ठेवली होती. तू काढल्यास ना त्या ओळी? की चुकून गेल्या?"

चुकून गेल्या म्हणायची सोय तिने स्वतःच करून दिली होती. मला तेवढंही जमलं नाही. "काढल्या," मी म्हणालो.

"हं."

"उज्ज्वला, मग तू दाखवली का नाहीस?"

"दाखवणारच होते. काल तू माडीवर थोरवडे म्हणालास तेव्हाच ठरवलं होतं. सकाळी एसटीत सगळं बोलणंसुद्धा पाठ केलं." ती कागदाकडे बघत बोलत होती. "मग सापडलं म्हणून मान डोलावलीस, तर मला बरं वाटलं. म्हटलं, आता हा स्वतःच सांगेल. साहेबांनी विचारलं तेव्हा तुझ्याकडे बघितलं ना मी. तू कपात बघत होतास."

"मी आत जाऊन सांगतो," मी म्हणालो. "आत्ता सांगतो."

"जा की."

ती खरंच थांबली. पिशवी खांद्याला अडकवून, कागद हातात धरून ती झाडाच्या बुंध्याशी उभी राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर पुन्हा तेच आलं, व्हरांड्यातलं. व्हरांडा वीस पावलांवर होता. हुदलीकर साहेब खुर्चीत बसून माझी प्रिंट पुन्हा वाचत होते, ते मला तिथून दिसत होतं. माझ्या डोळ्यांपुढे कारखान्याचा वजनकाटा आला. ट्रॅक्टर आत येतोय, ट्रॅक्टर बाहेर जातोय, आणि वडील माझी लोकांशी ओळख करून देतायत. मी दोन पावलं पुढे टाकली. दोनच.

"साहेब आता जेवायला बसतील," मी म्हणालो.

बारासुद्धा वाजले नव्हते.

उज्ज्वलाने तो कागद पुन्हा दुमडायला घेतला, जुन्या घड्यांवरून, सावकाश.

"घे," ती म्हणाली.

"मला कशाला?"

"माझ्याजवळ राहिला तर आयुष्यभर ज्याच्या-त्याच्याशी भांडताना मी हाच काढीन. नवऱ्यासमोर, सासूसमोर. बघा, मला सगळं येत होतं म्हणून. मला तसलं व्हायचं नाही." तिने खांद्यावरची पिशवी नीट केली. "आणि लग्नाला येऊ नकोस. पत्रिका येईल, वर्गातल्या सगळ्यांनाच जाईल. पण तू येऊ नकोस."

तिने कागद पुढे केला. ती तो फाडू शकली असती, मीही नको म्हणू शकलो असतो, आणि अजूनही वीस पावलांवर साहेब एकटेच बसले होते. विंगची एसटी वळणावर दिसली.

मी घेतला. कागद मोठा होता. आणखी चार घड्या घालाव्या लागल्या, तेव्हा कुठे तो माझ्या शर्टाच्या खिशात मावला.